हिरामावशीने पाहिलेली पापणी

मुरबे गावात सध्या अशी बातमी आहे की आमच्या हिरामावशीने आफ्रिकेत जाऊन, लोखंडी पिंजऱ्यात बसून, समुद्राच्या तळाशी एका नऊ हात लांब मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, कल्ल्यात बोट घातलं, कल्ला उचलून बघितला आणि "शिळी हाय" म्हणून तिला परत पाठवलं.

बातमी बोईसरच्या मासळी बाजारातून निघाली. उमरोळीला पोचली तेव्हा मुशी अकरा हातांची झाली होती. केळव्याला तिने हिरामावशीला बघून शेपूट घातलं. माकुणसारला तर मावशीने तिथल्या तिथे तिचे तुकडे करून गोऱ्या लोकांना वाटे विकले, असं एका रिक्षावाल्याने शपथेवर सांगितलं.

यातलं खरं किती, ते सांगायला हवं. पिंजरा तळाशी नव्हता, बोटीच्या कडेला बांधलेला होता. मुशी सहा हातांची होती. परत कोणाला पाठवलं नाही, वाटे घातले नाहीत. कल्ल्यात बोट गेलं नाही. बोट पिंजऱ्याबाहेर मात्र गेलं होतं. ते का गेलं, हे कळायला आधी हिरामावशी कळायला हवी.

हिरामावशी बोईसरच्या बाजारात चाळीस वर्षं मासे विकते. वय एकोणसाठ, आवाज दोन गल्ल्यांचा. एमआयडीसीतली कामगार मंडळी सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन येतात आणि नको तो प्रश्न विचारतात.

"मौसी, ताज़ा है क्या?"

मावशी हलवा जातीचा मासा उचलते, गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरते आणि उजव्या हाताची तर्जनी माशाच्या डोळ्याखाली टेकवते. "आँख देख, आँख! तेरेकू देखती हाय के नाय? देखती हाय तो ताज़ा. तू इसकू देखता हाय, ये तेरेकू देखती हाय, बीच में मैं कायकू बोलू?"

मराठी गिऱ्हाइकाला हेच छोट्या पुडीत मिळतं. "डोळा बघ, डोळा!"

सगळा धंदा त्या बोटावर आणि माशांच्या डोळ्यांवर. कुठला मासा पहाटेचा, कुठला कालचा, कुठल्याने बर्फात चार दिवस काढले, हे मावशी डोळ्यातून वाचते. तिचं म्हणणं एकच: "मासा खोटं बोलत नाय, कारण त्याला डोळा मिटता येत नाय. पापणीच नाय त्याला. माणसाला हाय, म्हणून माणूस फसवतो."

आणि नेमकं इथेच तिचं आणि पुंडलिककाकांचं बत्तीस वर्षं वाजलेलं.

पुंडलिककाका तिचा नवरा. 'काशीबाई' या बोटीवर सदतीस वर्षं तांडेल होते, म्हणजे बोट त्यांच्या शब्दावर चालायची. आता बोट पुतण्या देवू चालवतो आणि काका ओटीवर जाळी दुरुस्त करतात. स्वभाव शांत. बोलताना प्रत्येक वाक्याच्या आधी एक 'हं' आणि नंतर एक 'तर' असतो, मधे वाक्य असेलच असं नाही.

त्यांची एक गोष्ट होती. बत्तीस वर्षांपूर्वी खोल दर्यात जाळं ओढताना एक मोठी मुशी अडकून बोटीच्या कडेला आली. काका दोर कापायला वाकले, तिचं तोंड हातभर अंतरावर. तिने दोराला चावा घेतला आणि चावताना खालून एक पांढरी पापणी वर आली, डोळा झाकला गेला. "हं. रवंथ करताना गाय कशी मिटते, तशी. हळू. तर."

मावशीने पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच हातातला बोंबील खाली ठेवला होता. "मुशीला पापणी? मी रोज मुशी विकते. उन्हात ठेवा, बर्फात ठेवा, डोळा टक्क उघडा!"

"तू मेलेली बघते. मी जिवंत बघितली."

"मेल्यावर काय पापणी घरी ठेवून येते ती?"

यावर काकांकडे एकच उत्तर असायचं आणि ते मावशीला झोंबायचं. "हं. तुमी बायका किनाऱ्यावरच्या. दर्याचं तुमाला काय ठावं. तर."

हे खोटं नव्हतं. आमच्याकडे बायका मासेमारीच्या बोटीवर चढत नाहीत. पूजेच्या दिवशी बोट किनाऱ्याला लागलेली असताना चढायचं, हळदकुंकू वाहायचं, उतरायचं. पकडायचं पुरुषांनी, विकायचं बायकांनी. हिरामावशीने जन्मभर समुद्राच्या जिवावर घर चालवलं. पण समुद्रात ती कधी गुडघ्याच्या वर गेली नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी देवूच्या हळदीला काकांनी ती गोष्ट मांडवात पुन्हा सांगितली. ते 'गाय' या शब्दापर्यंत आले आणि मावशीने मधेच उभं राहून गाय करून दाखवली. रवंथ केलं, हळू पापण्या मिटल्या आणि म्हणाली, "तांडेल, ती मुशी हंबरली का नाय?"

मांडव हसून लोळला. त्या दिवसापासून काकांना अख्ख्या बंदरावर नाव पडलं, 'पापणी तांडेल'. पोरंसुद्धा म्हणायला लागली. त्यानंतर काकांनी ती गोष्ट कधीच सांगितली नाही. ती नाही आणि दुसरीही नाही. ज्या माणसाने तीन वादळं बघितली, तो ओटीवर बसून जाळ्याच्या भोकांशीच बोलायला लागला.

मावशीच्या हे ध्यानात आलं होतं. पण ध्यानात येणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं, आणि दुसऱ्या गोष्टीची मावशीला सवय नव्हती.

यंदा जानेवारीत मावशीची मुलगी स्नेहल केपटाऊनला बाळंत झाली. जावई निमेश आधी तारापूरच्या एका औषध कंपनीत केमिस्ट होता, आता तिकडे नोकरीला आहे. माणूस गोड, गुजराती, शुद्ध शाकाहारी. सासुरवाडीला जेवायला आला की ताटावर असा वाकतो जणू भातातून मासा उडी मारणार आहे. बाळंतपणाला आई हवीच, म्हणून डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि दोन नवी लुगडी घेऊन हिरामावशी विमानात बसली. खिडकीतून खाली समुद्र दिसला तेव्हा शेजारच्या बाईला म्हणाली, "आमचा हाय."

मार्चपर्यंत बाळ बाळसं धरून गुटगुटीत झालं आणि मावशीला काम उरलं नाही. तेव्हा स्नेहलने एक दिवस मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. बोटीच्या कडेला पिंजरा, पिंजऱ्यात माणसं आणि बाहेर मुशी.

"बाजार उलटा भरलाय," मावशी म्हणाली. "गिऱ्हाईक पेटीत आणि मासा बाहेर."

"आई, तुझं आणि निमेशचं तिकीट काढलंय. शनिवारचं."

"कशाला?"

"डोळा बघायला. अकरा वर्षं बाबांना तू तोंड उघडू दिलेलं नाहीस. जाऊन बघून ये. पापणी नसली तर मीसुद्धा त्यांना पापणी तांडेल म्हणेन."

"आणि असली तर?"

स्नेहलने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मावशीला वाटलं, ही पोरगी बापावर गेलीय, वाक्य खाते.

शनिवारी सकाळी दोन तास गाडीने जाऊन ती दोघं बंदराला पोचली. मावशीने पिशवीतून नारळ काढला. निमेशने तो भारतीय दुकान शोधून आणला होता, वर "मम्मी, हे बोटवाल्यांना कसं सांगायचं ने?" असंही दहा वेळा विचारलं होतं. सांगावं लागलं नाही. मावशी धक्क्याच्या टोकाला गेली, नारळ पाण्यात सोडला, हात जोडले आणि बोटीवर चढली. बोटीचा म्होरक्या यान नावाचा लालबुंद दाढीवाला होता. त्यानेही टोपी काढली. धंद्यातल्या माणसाला धंद्यातलं कळतं.

बोट निघाली आणि मावशीने कठडा धरला तो सोडलाच नाही. चाळीस वर्षं तिने बोटीला लांब जाताना बघितलं होतं. किनाऱ्याला लांब जाताना ती पहिल्यांदाच बघत होती. घरं आगपेटीएवढी झाली, मग तांदळाएवढी, मग नुसती एक रेघ. हा माणूस सदतीस वर्षं हे रोज बघायचा, तिच्या मनात आलं, आणि घरी येऊन नुसतं 'हं' म्हणायचा.

नांगर टाकल्यावर यानच्या माणसांनी एक पिंप उघडलं. मुशीला बोलवायला माशांचा कालवलेला लगदा पाण्यात सोडतात, त्याचं ते पिंप. वास सुटला आणि बोटीवरचे चौदा पर्यटक एकेक करून कठड्यावर वाकले. सर्वात आधी निमेश.

हिरामावशीला मात्र तेव्हाच जरा घरी आल्यासारखं वाटलं. ती उठली, पिंपात वाकली. "तरली मासळी हाय. तीन दिवसांची. निमेश, याला सांग, हे मी मांजरीला पण नाय घालणार."

"मम्मी, नंतर..." निमेश कठड्यावरूनच म्हणाला.

मावशीने स्वतःच सांगितलं. पिंपाकडे बोट, मग नाकाकडे बोट, मग तीन बोटं. यान खदखदून हसला आणि त्याने मान डोलावली. लगदा खरंच बुधवारचा होता.

मग रबरी सूट. तो अंगावर चढवायला दोन माणसं लागली. एक ओढत होता, एक ढकलत होता आणि मावशी मधून सूचना देत होती. मंगळसूत्र काढायला तिने साफ नकार दिला, तेव्हा ते आत सरकवलं. वरून डोक्याला रबरी टोपी. आरशात बघून ती म्हणाली, "वाम झाली माझी." वाम हा आमच्याकडचा काळा, गुळगुळीत, सापासारखा मासा. फरक एवढाच की वाम गप्प असते.

"मम्मी, एक फक्त लक्षात ठेवा," निमेश म्हणाला. तोही सूट घालून, हिरवट चेहऱ्याने तयार झाला होता. सासूला एकटीला पाण्यात सोडलं तर बायको घरात घेणार नव्हती. "हात पिंजऱ्याच्या बाहेर काढायचा नाय. काय पण झालं तरी."

"मी काय कुकुलं बाळ हाय?"

पिंजऱ्यात उतरल्यावर पहिल्यांदा कळली ती थंडी. चाळीस वर्षं मावशीने पापलेटं बर्फाच्या पेटीत रचली होती. पापलेटाला काय वाटत असेल, याचा विचार आज पहिल्यांदा आला. डोकं पाण्याच्या वर, पाय खाली दांडीत अडकवलेले. यान वरून ओरडला की श्वास धरायचा आणि बुडी मारायची.

"डाऊन! डाऊन लेफ्ट!"

मावशीने बुडी मारली. हिरवट पाण्यातून एक तांबूस सावली आली. पिंजऱ्यासमोर आली, मोठी झाली, आणखी मोठी झाली आणि तिथे नक्की एक पापणी मिटली. हिरामावशीची. डोळे उघडले तेव्हा समोर नुसतं पाणी.

वर येऊन तिने तोंडातलं खारं पाणी थुंकलं आणि स्वतःलाच मुरब्यातली अशी एक शिवी दिली, जी इथे लिहिता येत नाही. चौदा तास विमानात बसून यायचं आणि ऐन वेळी डोळे आपणच मिटायचे!

"डाऊन! डाऊन राइट!"

या वेळी डोळे उघडे ठेवले, पण मुशी वरून गेली. पोट दिसलं, पांढरं, बाजारात दिसतं तसंच. फक्त हे हलत होतं. बाजारातल्या मुशीत आणि हिच्यात तोच फरक होता, जो वाळत घातलेल्या लुगड्यात आणि ते नेसून चालणाऱ्या बाईत असतो.

तिसऱ्या वेळी यानने दोराला माशाचं मुंडकं बांधून ते पिंजऱ्याला अगदी लगटून ओढलं. "डाऊन! डाऊन! डाऊन!" मावशी गेली. निमेशही गेला. मुशी खालून आली, सहा हात, तांब्याच्या भांड्यासारखी. मुंडकं पकडायला वळली आणि तिचं डोकं गजांच्या इतकं जवळ आलं की मावशीला तिच्या डोळ्यात आपली रबरी टोपी दिसली असती.

डोळा ताजा होता. आजवर बघितलेल्या सगळ्या डोळ्यांत ताजा.

मुशीने तोंड उघडलं. आणि खालून एक पांढरी पापणी सर्रकन वर आली आणि डोळा झाकला.

तेव्हाच ते बोट बाहेर गेलं. मावशीने पाठवलं नाही, ते आपलं आपण गेलं. समोर मासा, हातभर अंतर, डोळ्याबद्दल शंका. चाळीस वर्षांत अशा वेळी उजवी तर्जनी कधी थांबलेली नव्हती. ती गजांमधून निघाली, थेट डोळ्याखाली टेकायला. निमेशचं लक्ष मुशीकडे नव्हतंच, त्याने भीतीने सासूच्या हातावरच नजर लावली होती. त्याने दोन्ही हातांनी तो हात आत खेचला. ज्या जावयाने आयुष्यात माशाला हात लावला नाही, त्याच्यामुळे मावशीचं धंद्याचं बोट वाचलं.

वर आल्यावर घोंगडीत गुंडाळून कोणीतरी तिच्या हातात गरम चॉकलेटचा पेला दिला.

"मम्मी, दिसली?" निमेश दात वाजवत म्हणाला.

"दिसली."

"आणि पापणी?"

मावशीने पेल्यात बघितलं. "यांच्याकडे चहा नाय का?"

तिने ते फक्त स्नेहलला सांगितलं, दुसऱ्या दिवशी, बाळाला तेल लावता लावता, बाळाशी बोलावं तसं. "तुझा आजा खरं बोलत होता रे, राजा." आणि स्नेहलने तासाभरात फोन करून ते एकाच व्यक्तीला सांगितलं. ती व्यक्ती म्हणजे शेजारची पूर्वी नावाची मुलगी, अकरावी सायन्स, अर्थात प्रस्तुत लेखिका.

प्रस्तुत लेखिकेबद्दल एवढंच सांगणं पुरे की मुरब्यात तिला मावशीने 'टेपरेकॉर्डर' हे नाव ठेवलंय, कारण ती सगळ्यांचे आवाज काढते आणि मावशीचा सर्वात चांगला काढते. एकदा तर तिने कुंपणाआडून "डोळा बघ, डोळा!" अशी हाळी दिली आणि देवू टोपली घेऊन धावत आला होता.

एप्रिलच्या शेवटी मावशी परतली. दुसऱ्याच दिवशी लेखिका तिच्या मागच्या दारी हजर.

"मावशी, मला कळलंय. पापणी आहे."

मावशी भांडी घासत होती, घासतच राहिली. "स्नेहलच्या तोंडाला पण पापणी पायजे होती."

"पण तू हे काकांसमोर बोलणार नाहीस. गावासमोर तर नाहीच. तूच गाय करून दाखवली होतीस."

"नाय बोलणार?"

"नाही बोलणार. पैज! तू गप्प बसलीस तर पावसाळा लागेपर्यंत मला दर रविवारी एक पापलेट."

"आणि बोलले तर?"

"तर तुझा आवाज काढणं बंद. कायमचं."

मावशीने पातेलं पालथं घातलं. "लाव," म्हणाली. लेखिकेला वाटलं, पापलेट आलंच. साक्षीदार एक मुशी, ती आफ्रिकेत. मावशीला नुसतं "नव्हती पापणी" म्हणायचं होतं, विचारणारं कोण होतं?

रविवारी सकाळी ओटीवर अर्धं मुरबे गाव जमलं. देवू होता, शेजारची चंद्रकांता होती, मच्छीमार सोसायटीचे लोक होते. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत होते आणि कोपऱ्यात पुंडलिककाका जाळ्यात सुई घालत बसले होते, जणू हे घर दुसऱ्याच कोणाचं आहे.

मावशीने सगळं सांगितलं. यानचा आवाज काढला, ओकणारा निमेश काढला, आणि लेखिकेला मान्य करावंच लागेल, चांगला काढला. मग मुशी आली, आणि देवूने करायचं तेच केलं.

"काय मावशी, मग पापणी होती का? हंबरली का?"

ओटी हसली. कोपऱ्यातली सुई थांबली. काकांनी वर बघितलं नाही, पण कान कुठे आहेत ते कळत होतं. मावशीने आधी सुईकडे बघितलं, मग सगळ्यांकडे.

"तांडेलानं सांगितलेलं खोटं हाय," ती म्हणाली.

हशा फुटला. लेखिकेच्या तोंडाला पाणी सुटलं. काकांनी सुई उचलली.

"थांबा, हसता काय!" मावशीचा आवाज दोन गल्ल्या गेला. "तांडेल म्हणाले, गायीसारखी हळू मिटते. साफ खोटं! हळू नाय मिटत. दुकानाचं शटर पडतं ना, तशी फटकन मिटते. बाकी सगळं खरं हाय. पापणी हाय, पांढरी हाय, खालून वर येते. मी या डोळ्यांनी बघितली. त्या हळदीला पहिली मी हसले होते. आजपासून कोणी पापणी तांडेल म्हटलं, तर माझ्या मासळीच्या पाटीपाशी उभं राहायचं नाय."

देवू बाहेरच्या बोंबलांकडे बघायला लागला.

"हं," काका म्हणाले. सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांनी सुई जाळ्यात खोचली. "माझी जाळ्यात अडकली होती. रातभर झटत होती. दमलेली. दमलेली हळूच मिटणार ना? तुझी ताजी होती, फटकन मिटली. तर."

"दमली म्हणून काय गायीएवढी हळू?"

"तू दमलेली बघितलीच कुठे? मी सांगतो काय झालं ते..." आणि काकांनी जाळं बाजूला सारलं, मांडी बदलली आणि अकरा वर्षांनी ती गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. वारा कुठला होता तिथपासून. मावशी दर दोन वाक्यांनी मधे बोलत होती, पण या वेळी दर्यावरून आलेल्या माणसासारखी, आणि काका तिला उत्तर देत होते. जेवणाची वेळ टळून गेली.

तर लेखिका पैज हरली. लिहिण्याबद्दल पैजेत काही ठरलं नव्हतं, म्हणून हे एवढं तरी लिहून झालं. मावशीचा आवाज काढायला मात्र बंदी आहे आणि मावशीला ती पूर्ण ठाऊक आहे. आता रोज सकाळी बाजाराला निघताना ती मुद्दाम आमच्या कुंपणापाशी थांबते, पाटी डोक्यावर नीट करते, तर्जनी हवेत रोखते आणि गळा काढून ओरडते, "डोळा बघ, डोळा!" मग दोन क्षण गप्प उभी राहून वाट बघते.

आतून काही आवाज येत नाही. मावशी मान डोलावते आणि बोईसरच्या रिक्षाकडे निघते.